दिएगो गार्सिया कुणाचं? मॉरिशसच्या समुद्रहद्दीची कहाणी

मास्कारेन्हस आणि रॉड्रिग्ज ही आडनावं गोव्यात इतकी रोजची आहेत की हिंदी महासागराच्या नकाशावर ती दिसली तरी आपलं लक्ष जात नाही. मॉरिशस, रेयुनियों आणि रॉड्रिग्ज या तीन बेटांना मिळून मास्करीन बेटं म्हणतात, ते पेद्रो मास्कारेन्हस या पोर्तुगीज दर्यावर्द्यावरून. रॉड्रिग्ज बेटाला नाव मिळालं दिओगो रॉड्रिग्जचं. तिथून ईशान्येला, मालदीवच्या दक्षिणेला जवळजवळ ५०० किलोमीटरवर प्रवाळ बेटांचा एक पुंजका आहे, त्याचं नाव चागोस. पोर्तुगीज भाषेत ‘शागस’ म्हणजे जखमा, ख्रिस्ताच्या पाच जखमा. या पुंजक्यात पेरोस बान्योस आहे, सालोमन आहे आणि सगळ्यांत मोठं दिएगो गार्सिया आहे. १५५५ साली लिस्बनहून हिंदुस्थानकडे निघालेलं ‘कोन्सेसांव’ हे पोर्तुगीज जहाज पेरोस बान्योसच्या खडकांवर फुटलं. म्हणजे गोव्याकडे येणाऱ्या वाटेवरचा हा धोका खलाशांना तेव्हापासून चांगलाच माहीत होता. पोर्तुगीजांनी नावं दिली आणि पुढे गेले. वस्ती करायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

आपल्या मंडळातले निबंध सहसा आपल्या तालुक्याच्या वेशीबाहेर जात नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण मॉरिशस या बेट-राष्ट्राच्या समुद्रहद्दीचा जो वाद गेली साठ वर्षं चालू आहे, त्याची जुनी कागदपत्रं वाचायला घेतली तर पदोपदी गोवा, मुंबई आणि रत्नागिरी भेटतात. म्हणून हा विषय इथे मांडतो.

आधी आकारमान लक्षात घेऊ. मॉरिशसचं मुख्य बेट सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या गोव्याच्या (३,७०२) जेमतेम निम्मं. पण हा देश ज्या समुद्रावर हक्क सांगतो तो आहे सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर. हे कसं? तर आंतरराष्ट्रीय सागरी कायद्याप्रमाणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत त्या देशाचा प्रादेशिक समुद्र आणि २०० सागरी मैलांपर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र. तिथले मासे, तिथल्या तळाखालचं तेल, खनिजं, सगळं त्या देशाचं. एकट्या पडलेल्या एका ठिपक्याएवढ्या बेटाभोवती २०० मैलांचं वर्तुळ काढलं तर आतलं क्षेत्रफळ ४ लाख ३० हजार चौरस किलोमीटरच्या वर भरतं. सगळा महाराष्ट्र ३ लाख ७ हजार आहे. पूर्वी ज्या खडकाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं तो आज वकिलांच्या फौजा का पोसतो, हे यावरून कळावं.

आता इतिहासाकडे. मॉरिशसवर आधी डच आले, १५९८ साली, आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. १७१५ पासून फ्रेंच. त्यांनी बेटाचं नाव ठेवलं ‘इल द फ्रान्स’. या वसाहतीला खरा आकार दिला तो माहे द ला बूर्दोने या गव्हर्नराने, १७३५ पासून. पोर्ट लुईचं बंदर त्यानेच उभारलं. हा गृहस्थ त्याआधी काही काळ गोव्याच्या पोर्तुगीज विजरईच्या चाकरीत होता. पणजीच्या अवतीभवतीच्या वास्तू दाखवताना आपण किती विजरईंची नावं घेतो, पण मॉरिशसचा शिल्पकार इथे नोकरी करून गेला हे कोणी सांगत नाही.

फ्रेंच काळात आसपासची सगळी विखुरलेली बेटं पोर्ट लुईच्या गव्हर्नराच्या ताब्यात मोजली जात. त्यांना फ्रेंचमध्ये ‘देपांदांस’ म्हणत. आपण अधीन बेटं म्हणू. हा शब्द ध्यानात ठेवावा, पुढची सगळी भांडणं त्याच्यावर आहेत. चागोस हे अशांपैकीच. १७८३ साली ल नॉर्मां नावाच्या मळेवाल्याने इल द फ्रान्सच्या सरकारकडून परवाना घेऊन दिएगो गार्सियावर माडांची लागवड करायचं ठरवलं. मोझांबिक आणि मादागास्करहून आणलेले गुलाम तिथे कामाला लावले गेले. कुष्ठरोग्यांनाही तिकडे पाठवत, कारण समुद्री कासवाचं मांस खाल्लं की हा रोग बरा होतो अशी तेव्हा समजूत होती.

आणि इथेच मुंबई येते. १७८६ साली मुंबईचे गव्हर्नर होते रॉसन हार्ट बॉडॅम. कंपनी सरकारला वाटत होतं की फ्रेंचांच्या दारातच आपली एखादी चौकी असावी, जहाजांना पाणी मिळावं, भाजीपाला मिळावं. मग मुंबई बंदरातून एक मोहीम निघाली. दिएगो गार्सियावर जाऊन तिने राजा तिसरा जॉर्ज आणि कंपनीच्या नावाने बेटाचा ताबा घेतला, वसाहत मांडली. आर्किबाल्ड ब्लेअर हा मुंबई मरीनचा अधिकारी. पुढे अंदमानच्या पोर्ट ब्लेअरला ज्याचं नाव मिळालं तो हाच. त्याने याच सुमारास चागोसच्या समुद्राची पाहणी करून नकाशे तयार केले. पण बेटावर आधीच फ्रेंचांची माणसं होती. पोर्ट लुईहून गव्हर्नर द सुयाक यांनी हरकत घेतली की हे बेट इल द फ्रान्सच्या हद्दीतलं आहे, तुम्ही इथे आलातच कसे? प्रवाळाच्या वाळूत भाजीपाला काही धड पिकेना, आणि एवढ्याशा जागेसाठी फ्रान्सशी नवं भांडण कंपनीला नको होतं. ऑक्टोबरात मुंबईकरांनी गाशा गुंडाळला.

एवढीशीच ही हकीकत, बहुतेक पुस्तकांत दोन ओळींत संपते. मला मात्र ती सगळ्या वादाच्या मुळाशी वाटते. कारण चागोस हा मॉरिशसचा भाग आहे असं एका सरकारने ठासून सांगितलं आणि इंग्रजांनी ते ऐकून पाऊल मागे घेतलं, याचा हा चांगला जुना दाखला आहे. १९६५ मध्ये ज्या सरकारने चागोस कागदावर वेगळं काढलं, त्याच सरकारच्या नावाने मुंबईकर १७८६ मध्ये तिथून परतले होते.

यानंतर गोव्याचा संबंध येतो, तो जरा वेगळ्या बाजूने. जानेवारी १७९८ मध्ये इल द फ्रान्सचा गव्हर्नर मालार्तिक याने पोर्ट लुईत जाहीरनामा लावला की म्हैसूरच्या टिपू सुलतानाला इंग्रजांविरुद्ध माणसं हवी आहेत, ज्याला जायचं त्याने नाव नोंदवावं. गुप्त ठेवायची गोष्ट त्याने चव्हाट्यावर मांडली. जेमतेम शंभर लोक मंगळूरला उतरले, पण जाहीरनाम्याची प्रत कलकत्त्याला पोचली आणि वेलस्लीला युद्धासाठी निमित्त मिळालं. त्यात नेपोलियन इजिप्तमध्ये उतरलेला. फ्रेंच आरमार गोव्यात शिरेल या धास्तीने इंग्रजांनी १७९९ पासून गोव्यात आपलं सैन्य आणून ठेवलं, ते १८१३ पर्यंत हललं नाही. दोनापावलाची ब्रिटिश दफनभूमी त्याच तळाची खूण. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. त्या थडग्यांतल्या शिपायांना गोव्यात आणणाऱ्या भीतीचं एक मोठं कारण होतं पोर्ट लुई.

ही भीती इंग्रजांनी शेवटी मुळासकट काढायचं ठरवलं. १८०९ मध्ये रॉड्रिग्ज बेट घेतलं, त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीतले देशी शिपाई होते. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोर्टच्या खाडीत फ्रेंचांनी इंग्रजांना चांगलाच मार दिला (पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचं नाव कोरलेलं आहे), पण डिसेंबरात मोठी फौज उतरली आणि इल द फ्रान्स पडलं. नाव पुन्हा मॉरिशस झालं. ३० मे १८१४ च्या पॅरिस तहाने ते कायमचं इंग्रजांकडे गेलं.

या तहाच्या आठव्या कलमात म्हटलं आहे की इल द फ्रान्स आणि त्याची अधीन बेटं, विशेषतः रॉड्रिग्ज आणि सेशेल्स, ब्रिटनला दिली. इंग्रजी प्रतीत शब्द आहे ‘एस्पेशली’. फ्रेंच प्रतीत आहे ‘नोमेमाँ’, म्हणजे नामनिर्देशाने, नाव घेऊन. पहिला शब्द धरला तर दोन नावं ही नुसती उदाहरणं, बाकीची बेटंही गेली. दुसरा काटेकोर धरला तर ज्यांचं नाव घेतलं तेवढीच गेली, बाकीची फ्रान्सकडे राहिली. आपल्याकडे खोताच्या सनदेत ‘झाडझाडोरा, पाणी, तृण, काष्ठ’ असं खुलासेवार का लिहीत, ते इथे समजतं.

या एका शब्दावर आजही एक बेट अडकून पडलं आहे, त्रोमलें. मादागास्करच्या पूर्वेला, पुरतं एक चौरस किलोमीटर, वाळू आणि खुरटी झुडपं. १७६१ च्या जुलैअखेरीस ‘यूतिल’ नावाचं फ्रेंच जहाज मादागास्करहून चोरून गुलाम घेऊन चाललं होतं, ते इथल्या खडकावर फुटलं. गोऱ्या खलाशांनी मोडक्या लाकडांची नाव बांधली आणि निघून गेले. साठएक मलागासी माणसं मागे ठेवली, परत येतो म्हणून सांगून. कोणी आलं नाही. पंधरा वर्षांनी, नोव्हेंबर १७७६ मध्ये, शेवालिए द त्रोमलेंचं जहाज तिथे पोचलं तेव्हा सात बायका आणि आठ महिन्यांचं एक मूल एवढेच जिवंत होते. बेटाला नाव मिळालं ते सोडवायला आलेल्या कप्तानाचं.

१९५४ पासून फ्रान्सचं हवामान केंद्र तिथे आहे आणि बेट फ्रान्सच्याच ताब्यात आहे. मॉरिशस म्हणतं ते आमचं अधीन बेट होतं, १८१४ ला ब्रिटनकडे आणि १९६८ ला आमच्याकडे आलं. फ्रान्स ‘नोमेमाँ’वर बोट ठेवतो. एका चौरस किलोमीटरमागे सुमारे २ लाख ८० हजार चौरस किलोमीटर समुद्र आहे, तेव्हा कोणीच हटायला तयार नाही. २०१० मध्ये दोघांनी मिळून कारभार पाहायचा करार केला, पण फ्रेंच संसदेत विरोध झाला आणि २०१७ मध्ये तो कार्यक्रमपत्रिकेवरूनच काढून घेतला गेला. रेयुनियों आणि मॉरिशस यांच्यामधली रेघ मात्र याच दोन देशांनी १९८० मध्ये गुण्यागोविंदाने आखली आहे. भांडणं समुद्रावरून नसतात, बेट कुणाचं यावरून असतात. एकदा बेटाचा मालक ठरला की मधली रेघ काढणं हे मोजणीदाराचं काम.

चागोसच्या बाबतीत ‘नोमेमाँ’चा प्रश्न आलाच नाही. १८१४ नंतर दीडशे वर्षं ते मॉरिशसचंच म्हणून चाललं. १९०३ मध्ये सेशेल्स वेगळी वसाहत झाली तेव्हाही चागोस पोर्ट लुईकडे राहिलं. न्यायदंडाधिकारी तिथून यायचा, जन्ममृत्यूच्या नोंदी तिकडे जायच्या. गुलामगिरी १८३५ मध्ये संपली, त्याच माणसांची मुलंबाळं मळ्यांवर राहिली. नारळ फोडायचे, खोबरं वाळवायचं, तेल काढायचं. त्यांची स्वतःची क्रिओल बोली तयार झाली. जग किती लांब होतं हे पाहायचं तर १९१४ चा ऑक्टोबर बघा. मद्रासवर तोफा डागून आलेली जर्मन युद्धनौका एम्डेन कोळसा भरायला दिएगो गार्सियाला लागली. महायुद्ध सुरू होऊन दोन महिने झाले होते, पण बेटावर कोणालाच पत्ता नव्हता. जर्मनांनीही ती बातमी सांगितली नाही. मळ्याच्या व्यवस्थापकाने शत्रूची आनंदाने सरबराई केली, जर्मनांनी त्याची बिघडलेली मोटारबोट दुरुस्त करून दिली आणि सगळे गोडीगुलाबीने एकमेकांचा निरोप घेऊन गेले.

मॉरिशसच्या मुख्य बेटावर याच काळात आपली माणसं पोचली होती. १८३४ पासून उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर हिंदुस्थानातून नेले जाऊ लागले. बहुसंख्य भोजपुरी मुलखातले, कलकत्त्याहून. पण मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरीकडचे पुष्कळ होते. नोंदवहीत आजोबाचं पहिलं नाव लिहिलं गेलं आणि तेच पुढे घराण्याचं आडनाव झालं. गणेशचतुर्थीला तिथे आज सरकारी सुट्टी असते. या मराठी, भोजपुरी, तमिळ, तेलुगू, क्रिओल, चिनी सगळ्यांचा मिळून जो देश होणार होता, त्याची हद्द त्यांना न विचारता बदलली गेली, ती १९६५ साली.

अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता. दिएगो गार्सिया घोड्याच्या नालासारखं आहे, आत खोल पाण्याचं सरोवर, धावपट्टीला सरळ जमीन. लोकवस्ती नसलेली जागा द्या ही अमेरिकेची मागणी. सप्टेंबर १९६५ मध्ये लंडनला मॉरिशसच्या स्वातंत्र्याची परिषद भरली होती. २३ तारखेला ब्रिटिश पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनी शिवसागर रामगुलाम यांना एकट्याला भेटायला बोलावलं. त्या भेटीसाठी विल्सनच्या सचिवाने केलेलं टिपण पुढे उघड झालं. स्वातंत्र्याची आशा दाखवायची आणि चागोसचं ऐकलं नाहीत तर तेही हातचं जाईल अशी भीती घालायची, असा हेतू त्यात सरळ लिहिलेला आहे. रामगुलाम तयार झाले. ५ नोव्हेंबरला मॉरिशसच्या मंत्रिमंडळाने संमती दिली, ८ नोव्हेंबरला ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत जन्माला आली. मोबदला ३० लाख पौंड. शिवाय शब्द दिला गेला की मासेमारीचे हक्क शक्य तितके राखू, तेल किंवा खनिज सापडलं तर त्याचा लाभ तुम्हाला, आणि संरक्षणासाठी गरज संपली की बेटं परत. दीड महिन्याच्या आत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव क्रमांक २०६६ करून ब्रिटनला बजावलं की मॉरिशसचे तुकडे करू नका. तोवर तुकडा पडून गेला होता. १२ मार्च १९६८ ला मॉरिशस स्वतंत्र झालं, चागोसशिवाय.

सेशेल्सचीही तीन बेटं या नव्या वसाहतीत घातली होती. ती १९७६ मध्ये सेशेल्स स्वतंत्र होताना परत दिली गेली. म्हणजे परत देणं अशक्य नव्हतं.

मग माणसांचं काय? दीड ते दोन हजार लोक तिथे राहत होते, काहींची पाचवी पिढी. संयुक्त राष्ट्रांना सांगायचं होतं की इथे कायमचे रहिवासी नाहीतच, फक्त कंत्राटी मजूर आहेत. १९६६ च्या एका ब्रिटिश सरकारी पत्रात या लोकांचा उल्लेख टारझन आणि रॉबिन्सन क्रूसोचा फ्रायडे अशा शब्दांत केलेला सापडतो. आधी मॉरिशसला दवाखान्यासाठी किंवा नातेवाइकांकडे आलेल्यांना परतीची बोट नाकारली. मग शिधासामग्री आटवली. १९७१ मध्ये कायदा करून परवान्याशिवाय राहणं गुन्हा ठरवला. लोकांची पाळीव कुत्री मारून टाकली. १९७३ पर्यंत सगळी बेटं रिकामी झाली. ‘नॉर्दव्हेर’ या बोटीत माणसं आणि खोबरं एकत्र भरून पोर्ट लुईच्या धक्क्यावर आणून उतरवलं, काहींना सेशेल्सला.

इथे मॉरिशस सरकारही धुतल्या तांदळासारखं नव्हतं. ब्रिटनने १९७२ मध्ये या कुटुंबांसाठी साडेसहा लाख पौंड दिले, ते त्यांच्या हातात पडायला पाचएक वर्षं गेली. तोवर ती माणसं पोर्ट लुईच्या झोपडपट्ट्यांत दिवस काढत होती. हद्दीचा दावा राष्ट्र करतं, पण हद्दीत राहणाऱ्याची आठवण राष्ट्राला सोयीने येते, हे आपल्या सीमाभागातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

१९७०च्या दशकात दिएगो गार्सिया हे नाव आपल्या वर्तमानपत्रांत सारखं असायचं. १९७१ च्या युद्धात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे आल्यामुळे हिंदी महासागर शांतताक्षेत्र राहावं ही भारताची आग्रही मागणी होती. पण त्या सगळ्या चर्चेत तळ दिसायचा, तिथून उठवलेली माणसं दिसत नसत. त्यांना आवाज मिळाला तो कोर्टात. ऑलिव्हिए बांकू या पेरोस बान्योसला जन्मलेल्या वीजतंत्र्याने लंडनच्या उच्च न्यायालयात दाद मागितली आणि नोव्हेंबर २००० मध्ये जिंकली. २००४ मध्ये राणीच्या हुकुमाने तो निकाल निष्प्रभ केला गेला, आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी सरकारच्या बाजूने कौल दिला.

यानंतर वाद पुन्हा समुद्रावर आला. १ एप्रिल २०१० ला ब्रिटनने चागोसभोवतीचा ६ लाख ४० हजार चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर केला. मासेमारी बंद. ऐकायला छान. पण काही महिन्यांतच विकिलीक्सने एक अमेरिकी तार फोडली. अभयारण्य झालं की जुन्या रहिवाशांना परत येणं अवघड होईल, असा हिशेब एका ब्रिटिश अधिकाऱ्याने त्यात बोलून दाखवला होता. मॉरिशस सागरी कायद्याखालच्या लवादाकडे गेलं. मार्च २०१५ मध्ये लवादाने निर्णय दिला की १९६५ चे शब्द ब्रिटनवर बंधनकारक आहेत आणि मासेमारीचा हक्क असा डावलता येत नाही. बेट कुणाचं यावर मात्र लवाद बोलला नाही.

ते बोललं हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय, २५ फेब्रुवारी २०१९ ला. आमसभेने मत विचारलं होतं. भारताने मॉरिशसच्या बाजूने म्हणणं मांडलं. तेरा विरुद्ध एक असा कौल आला की १९६५ ची संमती खुल्या मनाने दिलेली नव्हती, मॉरिशसचं निर्वसाहतीकरण कायदेशीररीत्या पुरं झालेलं नाही आणि ब्रिटनने लवकरात लवकर तिथला कारभार संपवावा. हे सल्लावजा मत, हुकूम नव्हे. मे २०१९ मध्ये आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ते उचलून धरलं. विरोधातल्या सहांत ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, इस्रायल, हंगेरी आणि एक अनपेक्षित नाव होतं, मालदीव.

मालदीवचं गणित साधं होतं. चागोस ब्रिटनचं की मॉरिशसचं हे ठरत नाही तोवर उत्तरेकडची हद्द आखायला कोणी येणार नाही. मॉरिशसने हॅम्बुर्गच्या सागरी न्यायाधिकरणाच्या विशेष पीठापुढे मालदीवला ओढलं. मालदीव म्हणालं, मालकीचाच वाद आहे, ब्रिटन हजर नाही, खटला चालवता कसा? २८ जानेवारी २०२१ ला पीठाने उत्तर दिलं की हेगच्या मतानंतर मालकीचा वाद उरलेला नाही. सल्लावजा मताला धार आली ती इथे. माझ्या मते साठ वर्षांतलं सगळ्यांत महत्त्वाचं पान हेच आहे, आणि ते लिहिलं गेलं ब्रिटनशी नव्हे तर एका शेजाऱ्याशी चाललेल्या मोजणीच्या खटल्यात.

मग मोजणी. वाद अडला ब्लेनहाइम रीफवर. भरतीला पूर्ण बुडणारा आणि ओहोटीला डोकं वर काढणारा हा खडक. तो धरून रेघ काढायची की सोडून? फेब्रुवारी २०२२ मध्ये मॉरिशसने एक जहाज भाड्याने घेऊन तज्ज्ञांना ओहोटीत तिथे नेलं. सोबत पाच चागोसवासी होते. ब्रिटिश पहाऱ्याशिवाय ते पहिल्यांदाच आपल्या बेटांवर उतरले आणि पेरोस बान्योसवर मॉरिशसचा झेंडा लागला. निकाल आला २८ एप्रिल २०२३ ला. ब्लेनहाइमला अर्धं वजन द्यायचं. वादातला सुमारे ९२ हजार चौरस किलोमीटर समुद्र जवळजवळ निम्मा निम्मा वाटला, मालदीवच्या वाट्याला थोडा जास्त. २०० मैलांपलीकडच्या समुद्रतळावर मॉरिशसचा दावा होता, तो पुराव्यात अनिश्चितता आहे म्हणून पीठाने घेतला नाही.

सेशेल्सशी मॉरिशसचं याच्या अगदी उलट झालं. दोघांमधल्या सागरी पठाराचा सुमारे ३ लाख ९६ हजार चौरस किलोमीटर तळ दोघांनी एकत्र मागितला आणि २०१२ मध्ये तो सामाईक ठेवायचा करार केला. भांडण नाही म्हणून त्याची बातमीही नाही.

तिकिटं जमवणाऱ्यांसाठी एक टीप. १९६८ मध्ये सेशेल्सची तिकिटं ‘बी.आय.ओ.टी.’ असा शिक्का मारून या नव्या वसाहतीत वापरली गेली. माझ्याही वहीत दोन आहेत. २०२१ मध्ये जागतिक टपाल संघाने ठराव केला की ही वसाहत मानायची नाही, तिची तिकिटं टपालावर चालणार नाहीत. एखाद्या हद्दीचा दावा असा टपालखात्यातूनही सुटतो.

शेवटी २२ मे २०२५ ला करारावर सह्या झाल्या. सकाळचा कार्यक्रम होता, पण दिएगो गार्सियाला जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या अर्जावर कोर्टाने रात्रीच तात्पुरती मनाई दिली. ती दुपारी उठली आणि मग सही झाली. चागोसचं सार्वभौमत्व मॉरिशसचं. दिएगो गार्सियाचा तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे, सरासरी वर्षाला १० कोटी १० लाख पौंड भाड्याने, भोवती २४ सागरी मैलांचा राखीव पट्टा. बाकीच्या बेटांवर मॉरिशसला वस्ती करता येईल, दिएगो गार्सियावर नाही. चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी. दोन्ही देशांनी आपापल्या संसदेची प्रक्रिया पुरी केल्यावरच तो अंमलात येतो, आणि ब्रिटनमध्ये त्याला जोरदार विरोध आहे. इंग्लंडमधल्या क्रॉली गावात राहणाऱ्या अनेक चागोसवासीयांचाही आहे. त्यांचं म्हणणं, १९६५ ला आम्हाला विचारलं नव्हतं आणि आताही नाही.

ज्यांना या विषयात काम करायचं असेल त्यांच्यासाठी एक सुचवणी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात कंपनीकाळच्या मुंबई सरकारच्या दप्तरांचा मोठा साठा आहे. मंडळातलं कोणी पोर्तुगीज-मराठा पत्रव्यवहारासाठी तिथे जाणार असेल तर १७८५ आणि १७८६ च्या रोजनिश्या जरूर मागवाव्यात. मोहिमेचे अधिकारी, जहाजं, तोफा यांच्यावर इंग्रजीत लिहिलं गेलं आहे. आपण शोधायचे ते हजेरीपटात किंवा पगारपत्रकात असलेले सुतार, गवंडी, लोहार, लष्कर आणि शिपाई. दिएगो गार्सियावर सहा महिने राहून आलेली ही मुंबईची माणसं कुठल्या गावची होती, ते गावनिशी काढता आलं तर पुढच्या बैठकीत त्यासाठी वेळ राखून ठेवू.